शेवटच्या दिवशी चित्र घेण्याबद्दल

मुंबईच्या जहांगीरसारख्या आर्ट गॅलरीत प्रदर्शन उतरायच्या दिवशी चित्रांचा भाव पडतो, तोवर थांबा, असा सल्ला काही जण देतात. तो अर्धाच खरा. भाव सुटतो तो मोठ्या, फ्रेम केलेल्या कॅनव्हासचा, कारण तो टेम्पोत घालून परत न्यायचा खर्च चित्रकाराच्या डोक्यावर असतो. छोट्या जलरंगांवर लाल टिकली, म्हणजे विकल्याची खूण, पहिल्या दोन दिवसांतच लागते. चित्र मनात भरलं असेल तर टोकन देऊन राखून ठेवा, घासाघीस फ्रेमच्या पैशावर करा.

तैलरंग असेल तर चित्र कधी पूर्ण झालं हे आधी विचारा. जाड थर वरून कोरडा वाटला तरी आत कित्येक महिने ओला असतो. त्यावर घाईने वॉर्निश मारलं की पुढे भेगा पडतात. गुंडाळून न्यायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवा. लोक हमखास उलटं करतात, मग रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो.

मूळ की प्रिंट? दहापट भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती प्रिंट, आणि वरचे ब्रशचे फटकारे नुसत्या पारदर्शक जेलचे असू शकतात. कॅनव्हासची मागची बाजूही बघाच.

कागदावरचं काम पावसाळ्यात फ्रेम करू नका. दमट कागद काचेआड बंद झाला की बुरशीचे तपकिरी डाग आलेच. काच आणि कागदात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी, माउंटही आम्लमुक्त.