लाइट रेल हवी, आणि ती रस्त्यावरच हवी

पायवाट

शहराची हवा सुधारायची म्हटलं की बोलणं लगेच इंजिनावर येतं. पेट्रोल की बॅटरी, सीएनजी की हायड्रोजन. माझ्या मते प्रश्न इंजिनाइतकाच जागेचा आहे, म्हणून मोठ्या शहरांच्या मुख्य रस्त्यांवर लाइट रेल हवी. खांबांवर नको, बोगद्यात नको. रस्त्यावरच, मोटारींची मार्गिका काढून घेऊन.

मेट्रोशी गल्लत होते म्हणून आधी थोडं स्पष्ट करतो. लाइट रेल ही ट्रामचीच पुढची पिढी. रस्त्याच्या पातळीवरचे रूळ, वर विजेची तार, बहुतेक अंतर राखीव मार्गिका आणि चौकात गाडी जवळ आली की तिच्यासाठी हिरवा होणारा सिग्नल. गाडी साधारण 30 ते 45 मीटर लांब, माणसं 200 ते 300, चालक एक.

धूर नाही हे उघडच आहे. पण टायरचं काय? रबरी टायर झिजतो आणि त्याची बारीक पूड हवेत आणि पावसाच्या पाण्यात जाते. मोटार विजेवर चालवली तरी ही पूड थांबत नाही. रुळावरच्या पोलादी चाकाला टायर नाही, आणि ते फिरायला रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी जोर लागतो. ब्रेक लावला की मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज तारेत परत जाते. त्याच वेळी पलीकडे चढावर दुसरी गाडी असेल तर ती वीज तिच्या कामी येते. शिवाय बॅटरीचं वजन दिवसभर वाहून न्यावं लागत नाही.

तरी माझा मुख्य मुद्दा जागेचाच. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गने 1960 साली जुनी ट्राम बंद केली होती. 1980 च्या दशकात तिथे वाद पेटला, भुयारी स्वयंचलित मेट्रो की नवी ट्राम? व्यापाऱ्यांचा ओढा मेट्रोकडे होता, कारण मेट्रो जमिनीखालून गेली असती आणि वर मोटारींना कोणी हात लावला नसता. 1989 ची निवडणूक याच प्रश्नावर गाजली. ट्रामच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कातरीन त्रोतमान महापौर झाल्या आणि 1994 साली ट्राम धावली. त्याआधीच शहराच्या पोटातून आरपार जाणारी मोटारींची वाट बंद केली होती. ज्या क्लेबेर चौकातून वाहनांच्या रांगा जायच्या तिथे आज लोक चालतात. भुयारी मेट्रो झाली असती तर प्रवासी खाली गेले असते आणि मोटारी वर राहिल्या असत्या.

हिशेबनीस

जागेच्या मुद्द्याशी सहमत. पण त्यासाठी रूळच का? मोटारींची मार्गिका काढायची असेल तर काढा आणि तिथून विजेच्या बस सोडा. ब्राझीलच्या कुरितिबाने 1974 पासून राखीव मार्गिकेतल्या बस चालवून दाखवल्या. कोलंबियातल्या बोगोटाची तशीच बससेवा, ट्रान्समिलेनिओ, 2000 साली सुरू झाली. गर्दीच्या वेळी एका दिशेला ताशी जितकी माणसं ती नेते, तितकी बहुतेक लाइट रेलना जमत नाहीत.

आता स्कॉटलंडमधल्या एडिनबराची ट्राम बघा. आधी जाळं आखलं, मग ते कापत कापत एका 14 किलोमीटरच्या मार्गावर आणलं. तो 2014 साली सुरू होईपर्यंत 77.6 कोटी पौंड गेले होते. कंत्राटदाराशी भांडणं, रस्ते वर्षानुवर्षं खणलेले, शेवटी सरकारी चौकशी. तिचा अहवालच 2023 साली आला. त्या पैशात आणि त्या काळात किती बस आल्या असत्या?

आणि रुळांखालचं काँक्रीट, पोलाद यांचा कार्बन तुम्ही हिशेबात धरलाय का? गाडी रिकामी धावली तर तो कर्बभार कधीच फिटणार नाही.

धुरकं

माझा साधा प्रश्न. वीज कोळशाची असेल तर धूर फक्त शहराबाहेर ढकलला, एवढंच ना?

पायवाट

@धुरकं, आज काही प्रमाणात हो. पण गाडी 30-40 वर्षं चालते आणि तेवढ्या काळात वीज कुठून येते ते बदलता येतं. गाडीला हात लावावा लागत नाही. कॅनडातल्या कॅल्गरीची लाइट रेल 1981 ची. 2001 साली त्यांनी तिच्यासाठी पवनऊर्जा विकत घ्यायला सुरुवात केली. रूळ तेच, तार तीच. डिझेलवर चालणारी गाडी अशी बदलता येत नाही.

@हिशेबनीस, एडिनबराचा कारभार वाईटच झाला, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच शहराने पुढे न्यूहेवनपर्यंत मार्ग वाढवला. तो 2023 साली सुरू झाला आणि ठरलेल्या 20.7 कोटी पौंडांत बसला. म्हणजे दोष रुळांचा नव्हता, नियोजनाचा होता. रस्त्याखाली कोणती वाहिनी कुठे आहे हे माहीत नसताना कंत्राट दिलं की असंच होतं.

बोगोटाचं म्हणणं खरं आहे, पण तिथे ते कसं जमतं तेही सांगा. थांब्यांवर एका बसने दुसरीला ओलांडून जावं म्हणून दोन्ही दिशांना दोन-दोन मार्गिका लागतात. बसमागे बस लागलेली असते आणि पायी रस्ता ओलांडणाऱ्याला मध्ये फट मिळत नाही. तितका रुंद रस्ता जुन्या शहराच्या मध्यभागी कुठून आणणार? लाइट रेलला दोन्ही दिशा मिळून सुमारे सात मीटर पुरतात, थांब्याजवळ थोडे जास्त.

कार्बनबद्दल तुमचं बरोबर आहे. रिकाम्या रस्त्यावर रूळ टाकू नयेत. जिथे आजच बस एकामागून एक भरून जातात तिथेच टाकावेत.

दोन चाकं

मला दोन्ही बाजूंचं पटत नाहीये, कारण सायकलचा उल्लेख कोणीच केलेला नाही. रस्त्यात बसवलेल्या रुळाला लागून चाकाच्या कडेसाठी साधारण 4 सेंटिमीटरची खाच असते. सायकलचं पुढचं चाक तिच्यात गेलं की हँडल वळत नाही आणि माणूस सरळ तोंडावर आपटतो. पावसात तर नुसत्या ओल्या पोलादावरूनही चाक सरकतं. ट्राम असलेल्या शहरांत हे अपघात नित्याचे आहेत. मोटारी काढून जी जागा मिळेल तिच्यात सायकलला आधी हक्क द्या. तिच्याइतकं स्वच्छ वाहन दुसरं कुठलं आहे?

वळणावरची ती कर्कश किंचाळीही आहेच. वळणाशेजारी राहणाऱ्यांना विचारा.

गेज 1435

रुळांच्या देखभालीत नोकरी केली आहे, म्हणून थोडं लिहितो.

किंचाळी खरी आहे. गाडीखालच्या एका चौकटीतले दोन आस एकमेकांना समांतर जखडलेले असतात, म्हणून तीव्र वळणावर चाक रुळाच्या नेमक्या दिशेने फिरत नाही, मग ते रुळावर आडवं घसटतं. उपाय आहेत. चाकाची कड आणि गाभा यांच्यामध्ये रबर असलेली चाकं, वळणावर वंगण सोडणारी यंत्रणा, रुळांचं वेळच्या वेळी घासकाम. जिथे हे होतं तिथे आवाज बराच उतरतो. होत नसेल तर लोकांची तक्रार रास्त आहे.

पुडीबद्दल पायवाट यांनी एक बाजू सांगितली, दुसरी मी सांगतो. ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून ट्राम चाकापुढे वाळू टाकते. ती चिरडली जाऊन धूळ होते. ब्रेकची आणि पोलादाची पूडही असते. टायरच्या मानाने कमी, पण शून्य म्हणू नका.

सायकलच्या बाबतीत काटकोनाच्या जवळपास कोन ठेवून रूळ ओलांडता येतील अशी वाट आखायला लागते. समांतर चालवायची वेळ येऊच नये. राखीव मार्गिकेत रुळांमध्ये गवत लावलं तर तिकडे सायकल वळतच नाही, पाणी मुरतं आणि आवाजही दबतो.

बस की ट्राम यात माझ्यासाठी निर्णायक गोष्ट थांब्यावर दिसते. फलाट जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर, गाडीची फरशी त्याच उंचीला, मधली फट दोन-तीन बोटांची. चाकाच्या खुर्चीतला माणूस कोणाला हाक न मारता आत जातो. त्याच्यामागून बाळाची गाडी ढकलणारी बाई, मग काठी टेकत एक आजोबा. सगळे दरवाजे एकदम उघडतात, कोणी पायरी शोधत नाही आणि गाडी लगेच सुटते. बसचा चालक कितीही कसबी असला तरी दर थांब्यावर तितकी जवळ लावणं त्याला जमत नाही. रूळ ते आपोआप करतो.

मात्र देखभालीचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका. इथिओपियातल्या आदिस अबाबाची लाइट रेल 2015 साली मोठ्या अपेक्षेने सुरू झाली. पुढे सुट्या भागांअभावी बऱ्याच गाड्या कारखान्यात उभ्या राहिल्या आणि उरलेल्यांत माणसं कोंबली गेली. उद्घाटनाला पैसा मिळतो, चाकं बदलायला मिळत नाही.

हिशेबनीस

गेज यांचा शेवटचा परिच्छेद म्हणजे माझीच बाजू आहे. बस बिघडली तर दुसरी बस तिला वळसा घालून जाते. ट्राम बिघडली की मागचा सगळा मार्ग ठप्प.

माझा प्रस्ताव असा. रूळ टाकायच्या आधी त्याच रस्त्यावर मोटारींची मार्गिका काढून वर्षभर बस चालवा. चौकात बसला सिग्नलची प्राथमिकता द्या. जो महापौर एवढं करू शकत नाही तो रूळ टाकल्यावरही मोटारींना मार्गिकेत घुसू देईल. बस भरून वाहू लागल्या, चालक कमी पडू लागले, तर मी स्वतः लाइट रेलच्या बाजूने लिहीन.

पायवाट

अट मान्य, कारण प्रवासी कुठे आहेत हे त्यातून कळेल. पण एक धोका आहे. रंगाने आखलेली मार्गिका पुढची निवडणूक झाली की पुसता येते. नांतचं उदाहरण आहे. तिथे ट्रामचं काम चालू असताना 1983 साली सत्ता बदलली आणि नवा महापौर ट्रामच्या विरोधातला. पण काम इतकं पुढे गेलेलं होतं की ते मोडणं परवडलं नाही, आणि 1985 साली ट्राम धावली. फ्रान्समधल्या नव्या ट्रामची सुरुवात तिथून झाली. तेव्हा बसच्या त्या वर्षातच भूमिगत वाहिन्यांचं सर्वेक्षण करून टाका आणि डेपोची जमीन ताब्यात घ्या. म्हणजे माघार घेणं अवघड होईल.

गेज 1435

आणि देखभालीचा निधी स्वतंत्र खात्यात, तिकिटाच्या उत्पन्नावर अवलंबून नसलेला. हे त्याच ठरावात लिहा.

दोन चाकं

ठरावात सायकलची वाटही लिहा, त्याच आराखड्यात आणि त्याच पैशातून. "दुसऱ्या टप्प्यात बघू" असं उत्तर आलं तर मी विरोधातच आहे.