मदत हवी आहे: घोड्याच्या प्लाझ्मातलं हिमोलिसिस कसं ओळखायचं?

नागपूरला पशुवैद्यकात पीजी करतेय. स्नायूंना इजा झालेल्या घोड्यांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) मिर-२०६ आणि मिर-१३३ हे स्नायूंतले मायक्रोआरएनए (छोटे आरएनए) वाढतात का, हे क्यूपीसीआरने (आरएनएचं प्रमाण मोजायच्या चाचणीने) बघतेय. अडचण हिमोलिसिसची, म्हणजे लाल रक्तपेशी फुटण्याची आहे. लाल पेशी फुटल्या की त्यांतला मिर-४५१ आणि मिर-१६ प्लाझ्मात उतरतो, त्यामुळे मिर-१६ला संदर्भ (तुलनेसाठी स्थिर मानलेला मायक्रोआरएनए) धरून काढलेले माझे आकडे बिनकामाचे वाटतात. नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड, कारण घोड्याचा प्लाझ्मा मुळातच पिवळाधमक असतो.

नळ्या ईडीटीएच्याच (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) आहेत; हेपरिन हे तसंच दुसरं रसायन पीसीआर अडवतं म्हणून टाळलं. सेंट्रिफ्यूज दोनदा करते, सी. एलेगन्स या कृमीचा मिर-३९ तपासणीसाठी बाहेरून घालते, हिमोग्लोबिन जिथे प्रकाश शोषतं त्या ४१४ नॅनोमीटरला शोषणही मोजलंय. पण बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्यही त्याच्या जवळच शोषतं, मग त्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा? तबेल्यातून नमुने बर्फात आणते, तरी मे महिन्यातल्या उन्हात तासभर जातोच.

घोडे मोजकेच आहेत, पुन्हा रक्त घेता येणार नाही. सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत. म्हणून आहे त्याच नमुन्यांतून चाळणी लावायची आहे.

माणसात मिर-२३ए आणि मिर-४५१ यांच्या सीटीमधला (क्यूपीसीआरमध्ये संकेत दिसायला लागलेल्या चक्रांच्या संख्येतला) फरक ७ च्या वर गेला की हिमोलिसिसची शंका घेतात. घोड्यासाठी ही मर्यादा कुणी स्वतः तपासली आहे का? आणि मिर-१६ऐवजी संदर्भाला काय घेता?