मदत हवी आहे: सी++ मधला एसटीडी::डेक – १६० व्या नमुन्याला क्रॅश आणि मेमरी तिप्पट

उतारचढाव

सेन्सरकडून येणारे आकडे साठवणारा प्रोग्रॅम आहे. ६४-बिट लिनक्स, जीसीसी कंपायलर, सी++१७, एकच थ्रेड. सेन्सर सुमारे २ लाख. प्रत्येकाचे शेवटचे २० नमुने ठेवायचे. एक नमुना १६ बाइटचा (८ बाइट वेळ, ८ बाइट डबल). रचना: नमुन्यांचे डेक (दोन्ही टोकांना भर घालता-काढता येणारा कंटेनर), आणि असे सगळे डेक एका व्हेक्टरमध्ये. नवा नमुना आला की पुश_बॅकने मागे घालायचा, आकार २० च्या वर गेला की पॉप_फ्रंटने पुढचा काढायचा.

२० मधलं सर्वांत मोठं मूल्य सतत लागतं. दरवेळी सगळं चाळायला नको म्हणून त्याचा इटरेटर (कंटेनरमधली जागा दाखवणारा ऑब्जेक्ट) वेगळा जपून ठेवला आहे. ते मूल्य खिडकीतून, म्हणजे शेवटच्या २० नमुन्यांतून, बाहेर पडायच्या बेतात आलं की त्याच्या पुढच्या नमुन्यापासून एंडपर्यंत शोधून नवा इटरेटर ठेवतो.

अडचणी अशा:

१. मूल्यं सलग उतरती दिली तर प्रोग्रॅम नेमका १६० व्या नमुन्याला सेगमेंटेशन फॉल्ट देतो. चढती दिली तर कितीही वेळ चालतो.

२. हिशेबाने २ लाख × २० × १६ म्हणजे ६४ एमबी लागायला हवी. प्रत्यक्षात २०० एमबीच्या वर जाते.

३. नवे सेन्सर जोडले जात असताना मधूनच मोठा खोळंबा होतो.

४. हे २० नमुने सीमधल्या एका फंक्शनला पॉइंटर आणि संख्या अशा रूपात द्यायचे आहेत. &डेक[० ] दिला तर कधी बरोबर उत्तर येतं, कधी शेवटचे काही आकडे कचरा असतात.

डेक सोडून एसटीडी::लिस्ट (पॉइंटरांनी जोडलेली साखळी) घ्यावी का?

गाळणी

चौथ्याचं उत्तर सर्वांत सोपं. डेकमधले घटक मेमरीत सलग नसतात. ठरावीक आकाराचे ब्लॉक वेगवेगळ्या जागी असतात आणि त्यांचे पॉइंटर एका यादीत असतात. तुमचे २० नमुने एकाच ब्लॉकमध्ये बसले की उत्तर बरोबर, दोन ब्लॉकमध्ये विभागले की पहिला ब्लॉक संपल्यावर कचरा. सलग मेमरी हवी असेल तर व्हेक्टर किंवा अ‍ॅरे. डेककडून ती मिळणार नाही.

लिस्टच्या वाटेला जाऊ नका. १६ बाइटच्या नमुन्यामागे दोन पॉइंटरांचे मिळून १६ बाइट, आणि ३२ बाइट मागितले की ग्लिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) ४८ चा तुकडा देतो. २० नमुन्यांचे ९६० बाइट झाले. शिवाय सलग मेमरी तिथेही नाहीच.

ब्लॉकवाला

पहिल्या अडचणीचं मूळ इटरेटर जपून ठेवण्यात आहे. डेकचा नियम नीट वाचा, कारण तो व्हेक्टरपेक्षा वेगळा आहे आणि थोडा फसवा आहे: टोकाला पुश केलं की सगळे इटरेटर बाद होतात, पण घटकांचे रेफरन्स आणि पॉइंटर शाबूत राहतात. टोकावरून पॉप केलं तर काढलेल्या घटकापुरतेच बाद (पॉप_बॅकमध्ये एंडही). मध्ये कुठेही इन्सर्ट किंवा इरेज केलं तर इटरेटर, रेफरन्स सगळंच गेलं.

आता १६० च का? जीसीसीच्या लायब्ररीत ब्लॉक ५१२ बाइटचा, म्हणजे तुमचे ३२ नमुने. ब्लॉकच्या पॉइंटरांची यादी सुरुवातीला ८ खणांची असते (सोर्समध्ये तिचं नाव मॅप आहे, एसटीडी::मॅपशी काही संबंध नाही). रिकाम्या डेकचा पहिला ब्लॉक मधल्या, म्हणजे ३ क्रमांकाच्या खणात बसतो; मोजणी शून्यापासून. तुम्ही मागून भरता, पुढून काढता, त्यामुळे वापरातले खण उजवीकडे सरकत जातात: ३, ४, ५, ६, ७. पाच ब्लॉक गुणिले ३२, झाले १६०. सातव्या खणातल्या ब्लॉकची शेवटची जागा भरताना पुढचा ब्लॉक लागतो आणि उजवीकडे खण उरलेला नसतो. डावीकडे भरपूर रिकामे असल्यामुळे लायब्ररी नवी यादी घेत नाही, आहे तेच पॉइंटर पुन्हा मध्यावर, ३ पासून, आणून ठेवते.

घटक जागचे हलत नाहीत, म्हणून रेफरन्स वाचतात. पण इटरेटरच्या पोटात चार पॉइंटर असतात: चालू घटक, ब्लॉकची सुरुवात, ब्लॉकचा शेवट आणि यादीतला खण. तुमच्या जुन्या इटरेटरला अजून वाटतंय की आपण सातव्या खणात आहोत. उतरत्या मूल्यांत सर्वांत मोठं मूल्य नेहमी सर्वांत जुनं, म्हणून शोध प्रत्येक नमुन्याला एंडपर्यंत जातो. ब्लॉक ओलांडताना तो आठव्या खणातला पॉइंटर वाचतो आणि असा खणच नाही. चढत्या मूल्यांत नवा नमुनाच सर्वांत मोठा, त्यामुळे इटरेटर दरवेळी ताजा घेतला जातो. तो प्रोग्रॅम बरोबर आहे असं मात्र समजू नका.

३२ व्या, ६४ व्या नमुन्यालाही तुम्ही बाद इटरेटरच वापरत होता. तेव्हा खण हलले नव्हते एवढंच.

असा बाद इटरेटर पकडायचा असेल तर -डी_जीएलआयबीसीएक्सएक्स_डीबग (लायब्ररीची तपासणी चालू करणारा पर्याय) लावून सगळ्या फाइल पुन्हा कंपाइल करा. काही फाइल लावून आणि काही न लावून लिंक केल्या तर डेकचा आकारच दोन ठिकाणी वेगळा होतो आणि नवीन भुतं उभी राहतात. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) आठव्या खणाचं वाचन पकडेल, पण बाद इटरेटर वैध मेमरी वाचत असेल तोवर तो गप्प बसतो.

गाळणी

वरच्याला +१. इटरेटरऐवजी चढता अनुक्रमांक ठेवा: आजवर किती नमुने आले हा एक आकडा, आणि सर्वांत मोठ्याचा अनुक्रमांक. डेकमधली जागा म्हणजे त्या अनुक्रमांकातून पहिल्या घटकाचा अनुक्रमांक वजा.

खिडकी मोठी असती, हजारांत, तर उतरत्या क्रमाचा दुसरा डेक ठेवायची पद्धत सांगितली असती: नवा नमुना आला की मागून त्याच्याहून लहान किंवा समान असलेले सगळे काढायचे, मग त्याला मागे घालायचं, आणि खिडकीबाहेर गेलेला पुढून काढायचा. पुढचा तो नेहमी सर्वांत मोठा. प्रत्येक नमुना एकदाच आत, एकदाच बाहेर. पण २० साठी हे सगळं नको. २० डबल सलग असतील तर सरळ चाळा.

ढिगारा

मेमरीचा हिशेब मांडतो. जीसीसीत डेक ऑब्जेक्ट स्वतः ८० बाइट. यादीचे ६४ मागितले की मॅलॉकचा तुकडा ८०. प्रत्येक ब्लॉकचे ५१२ मागितले की ५२८. म्हणजे रिकामा डेकसुद्धा ६८८ बाइट खातो. एकही नमुना नसताना २ लाखांचे १३७ एमबी.

२० ची खिडकी ३२ च्या ब्लॉकवरून सरकताना ३२ पैकी १२ स्थितींत एक ब्लॉक पुरतो, २० स्थितींत दोन लागतात. सरासरी १.६२५ ब्लॉक, म्हणजे ८५८ बाइट. त्यात ऑब्जेक्ट आणि यादीचे १६० मिळवा: सेन्सरमागे १०१८, एकूण २०३ एमबी. तुम्हाला दिसतंय ते हेच, गळती नाही. श्रिंक_टू_फिटने (जादा जागा परत करणारं फंक्शन) यात टिकणारा फरक पडणार नाही.

हाच कोड क्लँग कंपायलरच्या लिबसी++ लायब्ररीवर नेलात तर ब्लॉक ४०९६ बाइटचा आहे. कमीत कमी ८१९ एमबी धरून चाला. उलट मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ब्लॉक १६ बाइटचा, तुमचा एक ब्लॉक म्हणजे एक नमुना. थोडे मोठे डेक असतील तर हा कंटेनर छान. लाखो छोटे डेक हा त्याचा उपयोगच नव्हे. आणि ब्लॉकचा आकार बदलायची सोय स्टँडर्डमध्ये नाही, रिझर्व्हही (आधीच जागा राखून ठेवणं) नाही.

खोळंबा कुठून येतो: व्हेक्टर भरला की दुप्पट होतो, म्हणजे १,३१,०७२ भरल्यावर पुढचा डेक आला की आधीचे सगळे हलवायचे. जीसीसीत डेकचा मूव्ह कन्स्ट्रक्टर (कॉपी न करता मजकूर नव्या ऑब्जेक्टकडे देणारा) नोएक्सेप्ट नाही, म्हणजे एक्सेप्शन येणार नाही अशी हमी देत नाही, कारण रिकाम्या झालेल्या डेकलाही यादी आणि ब्लॉक लागतो आणि तो मागताना एक्सेप्शन येऊ शकतं. म्हणून व्हेक्टर मूव्ह न करता प्रत्येक डेकची कॉपी करतो. सव्वा लाख कॉप्या, प्रत्येकीत दोन वेळा मॅलॉक. वर त्या क्षणी जपलेले सगळे इटरेटर मोकळ्या केलेल्या मेमरीत! संख्या माहीत असेल तर बाहेरच्या व्हेक्टरला रिझर्व्ह(२०००००). माहीत नसेल तर बाहेरचा कंटेनर डेक करा. टोकाला भर घालताना तो आधीचे घटक हलवत नाही. इथे मात्र डेक शोभतो.

ब्लॉकवाला

आतल्या डेकऐवजी ४० नमुन्यांचा साधा अ‍ॅरे घ्या आणि प्रत्येक नमुना दोनदा लिहा:

साठा[जागा] = साठा[जागा + २०] = नमुना;
जागा = (जागा + १) % २०;
जर (संख्या < २०) संख्या++;

भरल्यावर साठा[जागा] पासूनचे २० नमुने जुन्याकडून नव्याकडे आणि सलग मिळतात, ते थेट सीच्या फंक्शनला द्या. भरेपर्यंत सुरुवात शून्यापासून. ६४० बाइट आणि दोन ३२-बिट आकडे मिळून ६४८, एकूण १३० एमबी, आणि सेन्सरमागे मॅलॉक शून्य.

उतारचढाव

बदल केला. उतरती मूल्यं दहा लाख नमुन्यांपर्यंत देऊन पाहिली, क्रॅश नाही. मेमरी १३० एमबीच्या आसपास. एक शंका: खिडकीची लांबी सेन्सरनुसार वेगळी ठेवायची झाली तर? काहींना २०, काहींना ५००.

ढिगारा

मग बूस्ट लायब्ररीचा सर्क्युलर_बफर बघा. क्षमता चालू असताना ठरते, भरला की पुश_बॅक सर्वांत जुन्यावर लिहितो, ऑब्जेक्टमागे एकच मॅलॉक. सलग हवं तेव्हा लिनिअराइझ आहे, पण ते घटक हलवतं; दरवेळी बोलावू नका. सीचं फंक्शन दोन तुकड्यांत चालत असेल तर अ‍ॅरे_वन आणि अ‍ॅरे_टू घ्या, त्यात काहीच हलत नाही.