उपसा सिंचन संस्थेने स्वतःची वीजसंस्था काढावी का?

प्रश्न (ता. वाळवा, जि. सांगली)

आमची कृष्णाकाठची सहकारी पाणीपुरवठा संस्था उसाला पाणी देते आणि जमा होणाऱ्या पाणीपट्टीचा मोठा हिस्सा वीजबिलातच जातो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मिळणारी मोफत वीज आमच्या जॅकवेलवरील (नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरीवरील) मोठ्या पंपांना लागू नाही. वार्षिक सभेत काही तरुण सभासदांनी अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा दाखला देऊन, आपणही तशी संस्था काढून सौर विजेकडे वळावे, असा विषय मांडला. हे कितपत शक्य आहे?

प्रतिसाद १

वीज वाटणारी सहकारी संस्था आपल्याला नवी नाही. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यानंतर देशात सुरुवातीला ज्या पाच संस्था उभ्या राहिल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा होती; पुढे तिची थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये तेथील वितरण महावितरणकडे गेले. कर्नाटकातील हुक्केरीची संस्था मात्र आजही चालू आहे. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार वितरणाला सहसा परवाना लागतो, निर्मितीला लागत नाही. तेव्हा वाटपाच्या भानगडीत न पडलेले बरे.

प्रतिसाद २

अमेरिकेचा दाखला सभेत अर्धाच सांगितला गेला असावा. तेथील अनेक संस्था घाऊक वीज मोठ्या सहकारी महासंघांकडून दीर्घ मुदतीच्या कराराने घेतात. कोलोरॅडोतील ट्राय-स्टेट या महासंघाचे बहुतेक करार २०५० पर्यंतचे होते आणि सभासद संस्थेला गरजेच्या केवळ ५ टक्के वीज स्वतः निर्माण करता येत असे. त्यामुळे न्यू मेक्सिकोतील किट कार्सन ही संस्था २०१६ मध्ये आणि कोलोरॅडोतील डेल्टा-माँट्रोज २०२० मध्ये मोठी रक्कम मोजून बाहेर पडली. मालकी सभासदांची, तरी हात करारानेच बांधलेले. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या कुसुम या सौर योजनेच्या ‘अ’ घटकात सहकारी संस्थेला ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प उभारता येतो, पण ती वीज २५ वर्षांच्या कराराने वितरण कंपनीला विकायची असते. म्हणजे पंपाचे बिल तेवढेच राहते, विक्रीचे उत्पन्न वेगळे येते. सभेपुढे ‘बिल शून्य’ असे सांगू नये.

प्रतिसाद ३ (कराड)

स्वतःच्या वापरासाठी पॅनेल बसवणार असाल, तर ती नदीकाठी नकोत. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवावा. माळावरची जागा पाहा आणि रात्रीचा उपसा दिवसावर आणता येईल एवढा मोठा हौद वर बांधता येतो का, याचा अंदाज आधी अभियंत्याकडून घ्या.