गेममधला 'दादा' मुलाचा फोटो मागतोय, काय करू?

चारकोपची आई
मुलगा सातवीत आहे. माझं ऑफिस चर्चगेटला. बोरिवली फास्ट मिळाली तरी घरी यायला आठ वाजतात. तोवर घरात तो, सासूबाई आणि माझा जुना मोबाइल. फ्री फायर मॅक्स या गेममध्ये त्याला एक 'दादा' भेटलाय. स्क्वाडमध्ये (त्याच्या टीममध्ये) घेतो, डायमंड (गेममधले पैसे) देतो म्हणतो. आधी शाळा विचारली, मग आई किती वाजता येते ते. परवा लिहिलं, "इथे नको, टेलिग्रामवर ये, फोटो पाठव, आणि आईला सांगू नको." आमच्या चिरंजीवांनी मलाच विचारलं, "त्याला माझा फोटो कशाला हवाय?"

नवरा म्हणतो अकाउंट उडव, मोबाइल कपाटात ठेव. सासूबाई म्हणतात आधी तो कुणाचा कोण ते काढा (त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही). मला दोन्ही पटत नाही. पण फोटो गेला नाही, पैसे गेले नाहीत, मग पोलीस दाद देतील का?

मुलुंडचा वकील
ताई, अकाउंट अजिबात उडवू नका, पुरावा तिथेच आहे. चॅटचे तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा. त्याच्या प्रोफाइलवरचा यूआयडी, म्हणजे खेळाडूचा ओळख नंबर, आणि टेलिग्रामचं युजरनेम लिहून ठेवा. गेममधलं नाव बदलता येतं, यूआयडी तोच राहतो. मग त्याला रिपोर्ट आणि ब्लॉक करा. त्याच्याशी मुलगा बनून बोलायला जाऊ नका.

काही 'घडलं' नाही म्हणून गप्प बसायची गरज नाही. लैंगिक हेतूने मुलाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधणं हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम ११ प्रमाणे लैंगिक छळच आहे. हेतू काय होता ते पोलीस शोधतील. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

परळकर
मुलांच्या मोबाइलवर लक्ष ठेवायचं गुगलचं फॅमिली लिंक ॲप टाका, विषय संपला.

चारकोपची आई
त्यात गेममधलं चॅट दिसतं का हो?

क्लासवाली मॅडम, भांडुप
नाही दिसत. किती वेळ खेळला, कुठलं ॲप टाकलं, असं कळतं. नवीन ॲपला तुमची परवानगी लागते, तेवढ्यापुरतं उपयोगी. म्हणजे टेलिग्राम परस्पर येणार नाही.

पण तुमच्या मिस्टरांना एक सांगा. माझ्या क्लासमधली मुलं असल्या गोष्टी घरी सांगत नाहीत, कारण पहिल्यांदा सांगितलं की मोबाइल जातो. तुमच्या पोराने सांगितलं. आता मोबाइल काढून घेतलात तर पुढचा 'दादा' तुम्हाला कळणारच नाही. गेममधला माइक बंद करा, अनोळखी फ्रेंड काढा, आणि मोबाइल हॉलमध्ये, आजींसमोर.

आणि कुणाचा नको तसा फोटो खरंच गेला असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, अठरा वर्षांखालच्यांसाठी. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सोशल मीडिया कंपन्यांकडे जातो. म्हणजे तो फोटो आणखी कुणाला दाखवावा लागत नाही.

चारकोपची आई
स्क्रीनशॉट काढले, यूआयडी लिहिला. मिस्टर अजून फुरंगटलेले आहेत, पण उद्या हाफ डे टाकून तक्रार करायला सोबत येताहेत. आत्ता यूआयडी लिहिताना मुलगा सहज म्हणाला, डी विंगमधला त्याचा मित्रही याच दादाच्या स्क्वाडमध्ये आहे. त्याच्या आईला फोन लावतेय, थांबा.