जॉर्डनचे मोरोक्कन फुटबॉल कोच, माहिती जुळेना. आज रात्रीपर्यंत मदत हवी आहे

पेठकरी:
जॉर्डनच्या मोरोक्कन कोचवर पोरांसाठी लिहितोय, उद्या सकाळी तालमीच्या फलकावर लावायचंय. एकीकडे वाचलं की ते कतारमध्ये अल सादकडून खेळले, दुसरीकडे तुर्कस्तानात बेशिक्ताशकडून. खरं कुठलं? लवकर सांगा.

सह्यकडा:
तेव्हाचे मोरोक्कोचे कोच रेग्रागुई, त्यांच्यावरच लिहा. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस नेमणूक आणि डिसेंबरात वर्ल्डकपची सेमीफायनल! आफ्रिकेतला पहिला संघ. पोर्तुगालला १-० हरवलं तेव्हा आमचं अख्खं घर उभं होतं.

पेठकरी:
अहो, जॉर्डन म्हटलंय मी.

दोहावासी:
कुठल्या सालचे कोच?

पेठकरी:
म्हणजे दोन आहेत? एशियन कप फायनलवाले.

दोहावासी:
मग हुसेन अम्मूता. अल सादकडून खेळले, पुढे तिथेच कोच झाले आणि २०१३ ची लीग जिंकली. २०१७ ला मोरोक्कोच्या विदाद क्लबला आफ्रिकन चॅम्पियन्स लीग मिळवून दिली. १० फेब्रुवारी २०२४ च्या फायनलला मी कतारच्या लुसैल स्टेडियममध्ये होतो. सेमीफायनलला दक्षिण कोरियाला २-० हरवून आलेला संघ, आणि कतारकडून ३-१ ने हरला. कतारचे तिन्ही गोल त्यांच्या अफीफचे, तिन्ही पेनल्टी. पहिल्या गोलनंतर त्याने पत्त्याची जादू दाखवली, तेव्हा शेजारचे जॉर्डनी आजोबा रुमाल तोंडाला लावून खाली बघत बसले.

गोलपोस्ट:
बेशिक्ताशवाले ते जमाल सेल्लामी. १९९८ च्या मोरोक्कोच्या वर्ल्डकप संघात होते. २०२४ मध्ये अम्मूतांच्या जागी आले आणि ५ जून २०२५ ला मस्कतला ओमानवर ३-० मात करून जॉर्डनला पहिल्यांदा वर्ल्डकपला नेलं. पोरांना हे सांगा, हरलेली फायनल कशाला?

दोहावासी:
तसं कसं? संघ उभा केला अम्मूतांनी. त्याआधी जॉर्डन एशियन कपच्या सेमीफायनललाही पोचलं नव्हतं.

गोलपोस्ट:
मान्य. पण कोच बदलला की संघ विस्कटतो. सेल्लामींनी तो विस्कटू दिला नाही, हे कमी आहे का?

रानफूल:
त्याच एशियन कपमध्ये आपण, म्हणजे भारत, तिन्ही सामने हरलो, एक गोल नाही. आपल्याला असा कोच कधी मिळणार?

निळीशाई:
फलक उघड्यावर असेल तर स्केचपेन नको, दवाने शाई पसरते. पर्मनंट मार्कर घ्या.

पेठकरी:
दोघांचं एकत्र करून बसलो होतो, म्हणून जुळत नव्हतं. आता दोघांना वेगवेगळा कागद. दोहावासी, त्या आजोबांचं लिहिलं तर चालेल?

दोहावासी:
लिहा. मॅच संपल्यावर ते उभे राहून आपल्या पोरांसाठी टाळ्या वाजवत होते, तेही लिहा.