प्रॉकमेल मेलं म्हणणाऱ्यानं जरा इकडं बघावं

उद्यमनगरकर: काल इथं एका भावानं लिहिलं, 'जो अजून प्रॉकमेल वापरतो त्याच्या हातात सर्व्हर देऊ नये, सीव्ह टाका नि मोकळं व्हा.' डोकंच फिरलं. प्रॉकमेल म्हणजे सर्व्हरवर आलेला मेल नियमानं फोल्डरात टाकणारा जुना प्रोग्राम, सीव्ह म्हणजे त्याच कामाची नवी नियमभाषा. आमच्या फाउंड्रीत ११ वर्षं तेच चालू आहे, चौकशा एका फोल्डरात, ड्रॉइंगं दुसऱ्यात, नियमांची फाइल एकच, ४० ओळींची. एक मेल हरवला नाही.

शिरोलीचा ॲडमिन: हरवलेला मेल दिसतोय व्हय रं? मी एमबॉक्सच्या (सगळे मेल एकाच फाइलीत) नियमात दुसरा कोलन विसरलो, एकावेळी एकालाच लिहू देणारं लॉकच लागलं नाही, दोन मेल एकदम आले नि तांबडा-पांढरा एकाच वाटीत ओतल्यागत झालं. आणि २००१ नंतर थेट २०२२ लाच नवी आवृत्ती, मधे २०१४ ला आधी सांभाळणाऱ्यानंच ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना 'काढून टाका' म्हणून सांगितलेलं.

उद्यमनगरकर: मेलडिर वापर की, प्रत्येक मेलची वेगळी फाइल, फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दे, लॉक लागतच नाही. आणि नंतर मूळ लेखकानंच परत हातात घेतलंय, ते बरं सोयीनं विसरलास.

गंगावेसची: तुम्ही लॉकवर भांडायलाय, माझं ऐका. 'दरपत्रक' आलं की वेगळ्या फोल्डरात, असा नियम केला. तीन महिने फोल्डर रिकामं! मराठी सब्जेक्ट बेस६४ या सांकेतिक अक्षरांत गुंडाळून येतो, प्रॉकमेल तो उलगडतच नाही. वर कुठनं तरी उचललेला जुना स्पॅमचा नियम होता, असले गुंडाळलेले सब्जेक्ट थेट डेव्ह-नलला, म्हणजे कायमचे गायब. म्हणजे मराठीत लिहिणारी सगळी गिऱ्हाइकं मी स्वतःच्या हातानं पंचगंगेत सोडली. सीव्ह उलगडून बघतं.

उद्यमनगरकर: मग त्यांना सब्जेक्ट इंग्लिशमध्ये टाकायला सांगा.

गंगावेसची: वा! कोल्हापुरात बसून गिऱ्हाइकानं भाषा बदलायची, आणि साहेबांची ४० ओळींची फाइल नाही बदलायची?

उद्यमनगरकर: ताई, तसं नाही म्हटलं. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतनं पाइप करून उलगडता येतं.

शिरोलीचा ॲडमिन: एका शब्दासाठी पर्ल! गवत कापायला जेसीबी.

रंकाळ्यावरचा: सब्जेक्टवर नियम लावणाराच येडा. आमचा एक सप्लायर चार वर्षांपूर्वीच्या 'दिवाळी शुभेच्छा'लाच रिप्लाय मारून बिलं पाठवतो. पाठवणारा बघा, लिस्ट-आयडी (मेलिंग लिस्टची ओळख सांगणारी ओळ) बघा. आणि फेकायचं ते आधी एका फोल्डरात महिनाभर साठवा, डेव्ह-नलला गेलेलं परत येत नाही.

गंगावेसची: हे मला आत्ता सांगायलास?

उद्यमनगरकर: बरं, आपल्या फाइलीत पण तो जुना नियम सापडला. २०१४ पासनंचा. एक मेल हरवला नाही म्हटलेलं, ते तूर्त मागं घेतो. सीव्हला मात्र आख्खं डोव्हकॉट, म्हणजे मेल सर्व्हरच, बसवायचं, हे अजून पटलेलं नाही.

शिरोलीचा ॲडमिन: रविवारी येतो बसवायला. मिसळ तुझी.